पिंजऱ्यातील पिलांचे मरण : मुंबईतील एका उपेक्षित प्रश्नाचा इतिहास

मुंबई शहराच्या सामाजिक इतिहासाची साधने चाळताना पाळीव पक्ष्यांचा उल्लेख पुनःपुन्हा आढळतो. गिरगावातील चाळींच्या गॅलऱ्यांत टांगलेले पिंजरे, क्रॉफर्ड मार्केटातील पक्ष्यांची दुकाने, भायखळ्याच्या राणीबागेतील पक्षिगृहे, भुलेश्वरचा पांजरपोळ अशी कितीतरी स्थळे या संदर्भात सहज डोळ्यांसमोर येतात. परंतु या उल्लेखांत पक्षी असतो तो पूर्ण वाढलेला. तो विकत आणला जातो, ऐकला जातो, पाहिला जातो, क्वचित मुक्तही केला जातो. पिंजऱ्यातील मडक्यात जन्मून चार-आठ दिवसांत मरणारे पिलू मात्र या साधनांत जवळजवळ कोठेच भेटत नाही. वस्तुतः मुनिया, झेब्रा फिंच, बंगाली फिंच यांसारखे लहान धान्यभक्षी पक्षी पाळणाऱ्यांपैकी ज्यास असे मृत पिलू पाहावे लागले नाही, असा मनुष्य विरळाच. जी घटना इतकी नित्याची ती नोंदीत इतकी दुर्मिळ का असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पिले का मरतात या प्रश्नाचे उत्तर प्राणिशास्त्राने द्यावयाचे; ते उत्तर मिळण्यास इतका काळ का लागला, हे सांगणे मात्र इतिहासाचे काम आहे, आणि त्या दोन गोष्टी परस्परांपासून वाटतात तितक्या दूर नाहीत.

आरंभ सतराव्या शतकापासून करावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील शल्यवैद्य जॉन फ्रायर हा १६७३ साली मुंबईस आला. त्याचे प्रवासवृत्त १६९८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. त्यात सुरतेच्या वर्णनात अहमदाबादेहून येणाऱ्या, अंगावर तांबडे-पांढरे ठिपके असलेल्या चिमुकल्या गायक पक्ष्यांचा उल्लेख असून असे पन्नास पक्षी एका पिंजऱ्यात ठेवीत, असे तो सांगतो. हाच आपला लाल मुनिया. मराठीत या गणातील पक्ष्यांस मनोली असेही नाव आहे. अहमदाबादचे नाव युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी बदलत बदलत या पक्ष्यास चिकटले आणि १७५८ साली लिनीअसने त्यास ‘अमन्दावा’ हे जातिनाम देऊन ते कायम केले. ज्या शहराच्या पेठेतून माल निघाला त्या शहराचे नाव मालास पडावे, हे कापडाच्या बाबतीत नित्याचे. पक्ष्याच्या बाबतीत मात्र ते लक्षणीय मानले पाहिजे. फ्रायरने दिलेली पन्नासाची संख्याही अर्थपूर्ण आहे. एका पिंजऱ्यात पन्नास मुनिया कोंबल्यावर त्यांचे गाणे ऐकावयास मिळेल. त्यांची वीण होणे व पिले वाढणे जवळजवळ अशक्यच. हा पिंजरा घराचा नव्हता, वखारीचा होता. पक्षी म्हणजे येथे साठवणीचा माल.

पुढे मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर झाल्यावर याच व्यवहाराने मोठे रूप धारण केले. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केटची इमारत पूर्ण झाली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्या नावाने ओळखली जाणारी ही मंडई पुढे महात्मा जोतिबा फुले मंडई झाली. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. फळे, भाजी, मांस यांच्या जोडीने जिवंत पक्षी विकण्याची जागा म्हणूनही तिची ख्याती झाली. या बाजाराचे अर्थशास्त्र समजून घेतले म्हणजे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. पावसाळा सरता सरता गवत व भात पिकू लागले की मुनियांचे थवे उघड्या माळांवर व खाचरांच्या कडेस उतरतात. जाळे लावणारा पारधी एका सकाळी थवाच्या थवा धरू शकतो. याउलट पिंजऱ्यात जोडी लावून पिले वाढवावयाची तर चार-सहा अंडी, बारा-तेरा दिवसांची उबवण, सुमारे तीन आठवडे घरट्यातील संगोपन व त्यानंतरही काही काळ आईबापांचे भरवणे, इतका खटाटोप करावा लागतो आणि एवढे करून हाती येणार दोन किंवा तीन पक्षी. जाळ्यातील पक्षी ज्यास पैशापासरी मिळत होता त्याने पिंजऱ्यातील पिलाच्या मरणाची चिकित्सा करीत बसावे तरी कशासाठी? दुकानदाराच्या वहीत आवक होती, विक्री होती आणि वाटेत मेलेल्या मालाची तूट होती. ‘जन्म’ या नावाचा रकाना तेथे नव्हता.

येथे एक आक्षेप संभवतो. व्यापाऱ्यांस पिलाची पर्वा नसेल. परंतु जीवदयेची थोर परंपरा ज्या शहरात आहे तेथे हा प्रश्न भूतदयेच्या अंगाने तरी पुढे यावयास हवा होता. १८३२ साली कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत मोठा दंगा झाला आणि त्याच्या पाठोपाठ १८३४ साली मोतीचंद अमीचंद व जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था निघाली. १८८३ साली परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय सुरू झाले आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय उघडले. ही परंपरा निःसंशय मोठी. परंतु पांजरपोळाचे लक्ष प्रामुख्याने गाईगुरांकडे व बेवारशी जनावरांकडे, तर रुग्णालयाचे गाड्यांच्या घोडे-बैलांकडे असणे स्वाभाविक होते. पक्ष्यांच्या बाबतीत भूतदयेचे रूढ रूप म्हणजे पारध्याकडील पक्षी विकत घेऊन आकाशात सोडणे. हे पुण्यकर्म करणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि सोडण्यासाठी घेतलेला पक्षी हाही विकत घेतलेलाच पक्षी असतो, आणि त्याच्या जागी दुसरा धरण्यास पारध्यास उत्तेजनच मिळते. प्रस्तुत विषयापुरते इतकेच पाहावयाचे की येथेही पक्षी पिंजऱ्याच्या दाराशी भेटतो, घरट्यात नव्हे.

राहिले निसर्ग-अभ्यासक. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ एकत्र जमले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्यक-व्यावसायिक होते, आणि पुढे मुंबईच्या पक्ष्यांवर रसाळ पुस्तक लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेनही होता. पक्ष्यांविषयी अपार माहिती या मंडळींनी व त्यांच्या समकालीनांनी जमवली, हे खरे. परंतु त्या माहितीचा घाट लक्षात घेतला पाहिजे. ॲलन ह्यूमने १८७३ ते १८७५ या काळात प्रसिद्ध केलेला महत्त्वाचा संग्रह भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांचा होता. ओट्सने १८८९-९० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. स्टुअर्ट बेकरचे १९३२ पासून निघालेले चार खंडही घरट्यांचे व अंड्यांचेच. अंड्याचा रंग, त्यावरील ठिपके, लांबी-रुंदी, घरट्याची उंची, विणीचा महिना या सर्वांची तपशीलवार नोंद त्यांत सापडते. अंडे हे टिकाऊ असते. ते आतून पोकळ करून पेटीत मांडता येते, मोजता येते, अदलाबदल करता येते. पिलू तसे नव्हे. शिवाय जे अंडे पेटीत गेले त्यातून पिलू निघण्याचा प्रश्नच मिटतो. त्यामुळे या थोर ग्रंथांतील पक्ष्याची जीवनकथा अंड्यापाशी येऊन थांबते आणि पुन्हा सुरू होते ती थेट पिसारा पूर्ण झालेल्या पक्ष्यापासून.

सोसायटीच्या अपोलो स्ट्रीटवरील कचेरीत १८९४ पासून १९२० पर्यंत ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश राहत होता. तोच पुढे संस्थेच्या मुद्रेवर आला. सव्वीस वर्षे एक पक्षी माणसांत राहिला, त्याच्या खोड्यांच्या कथा झाल्या, आणि त्यास जोडीदारीण मिळाली नाही. बंदिवान पक्षी दीर्घायुषी करणे त्या काळास साधले होते. बंदिवासात त्याची पुढची पिढी वाढवणे ही वेगळी विद्या, आणि तिची निकड कोणास भासली नव्हती.

व्यापारी, दयाळू व विद्वान या तिघांच्याही वह्यांतून पिलू अशा रीतीने निसटले. त्यांस दोष देण्याचा येथे हेतू नाही. कोणत्या मृत्यूची गणना होते हे, त्या मृत्यूची भरपाई कोणत्या दराने होते यावर बव्हंशी ठरते, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. याच शहरातील मानवी बालकांच्या बाबतीत काय घडले ते आठवावे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईचा बालमृत्यूचा आकडा भयंकर होता. १९२१ साली तो दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक असल्याचे नोंदले गेले. तो आकडा प्रसिद्ध होताच त्याच्या भाजकाविषयी वाद उपस्थित झाला. गिरणगावातील कित्येक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर माहेरी जात. मूल जन्मे तिकडे, नोंद होई तिकडे किंवा होतच नसे, आणि मूल दगावे ते परळ-लालबागच्या खोलीत. मृत्यू शहराच्या हिशेबात, जन्म मात्र बाहेर! हा वाद त्रासदायक असला तरी फलदायी ठरला. कारण मूल कोणत्या वयात दगावले, जन्मतःच की काही महिन्यांनी, हे पाहिल्याखेरीज कारणाचा शोध लागत नाही, ही दृष्टी त्याने दृढ केली. पिंजऱ्यातील पिलांसही हीच कसोटी लावावी लागते, हे पुढे दिसेल.

परळचा उल्लेख आलाच आहे तर कारणमीमांसेच्या इतिहासातील आणखी एक प्रकरण येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. १८९६ च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन याची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तेव्हापासून कोणत्याही अकाली मृत्यूमागे प्रथम जंतू शोधावयाचा, ही मुंबईची वैचारिक सवय झाली असे म्हणण्यास हरकत नाही. प्लेगच्या अनुभवानंतर ती होणे साहजिकच होते. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका गर्भवती स्त्रियांच्या घातक पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांत हा रोग विशेष आढळे. तिने जंतूंचा माग काढला, पण उलगडा झाला तो आहारात. यीस्टच्या अर्काने रोगी स्त्रिया बऱ्या होतात असे तिने १९३१ साली दाखवून दिले, आणि पुढे फोलिक आम्लाचा शोध याच धाग्याने लागला. तिच्या प्रयोगातील उंदरांची गोष्ट तर फारच उद्बोधक आहे. त्या स्त्रियांच्या आहारासारख्या आहारावर ठेवलेल्या गाभण उंदरिणी पिले होण्यापूर्वीच दगावत, व यीस्ट दिल्यास त्या वाचत. परंतु त्यांच्यात उवांमार्फत पसरणारा एक संसर्गही असल्याचे नंतर आढळून आले. म्हणजे उपासमार व जंतू ही दोन्ही कारणे एकाच देहात नांदत होती. पिंजऱ्यातील पिलू मेले की ‘काहीतरी रोग आला’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पिलांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास मुंबईच्या परिसरात आरंभ झाला तो पिंजऱ्यात नव्हे, झाडावर. खेतवाडीत वाढलेल्या सालिम अली यांनी बर्लिनहून परतल्यावर, हातची नोकरी गेलेली असताना, १९३० च्या पावसाळ्यात अलिबागनजीक किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. त्या काळच्या वर्गीकरणात सुगरण व मुनिया एकाच कुलात मोडत. म्हणून आपल्या विषयाशी तिचे नाते जवळचे. १९३१ साली सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने सुगरणीच्या संसारावर नवा प्रकाश पाडला : नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, ती अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या घरट्यास लागतो. या शोधाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट पद्धतीची. अंडी पेटीत न घालता ती झाडावरच राहू दिली, तर पुढे काय होते हे पाहता येते! त्याच परंपरेत विजयकुमार आंबेडकर यांनी सुगरणींच्या विणीवर केलेले संशोधन मुंबई विद्यापीठाने १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अंडे, पिलू व उडालेले पिलू ही एकाच हिशेबाची तीन पाने आहेत, ही गोष्ट अशा कार्यामुळे विद्यापीठीय अभ्यासात रुजली. धान्यावर जगणारी सुगरण आपल्या कोवळ्या पिलांस प्रामुख्याने किडे, अळ्या, नाकतोडे भरवते, हा त्यातलाच एक धडा. धान्यभक्षी पक्ष्याचे पिलू धान्यभक्षी असतेच असे नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड लॅक याने १९४७ च्या आपल्या निबंधात व १९५४ च्या ग्रंथात पिलांच्या मरणाचा एक निराळाच अर्थ लावला. अनेक पक्षी सर्व अंडी घालून होण्यापूर्वीच उबवण्यास बसतात. त्यामुळे पिले एकाच दिवशी न निघता मागेपुढे निघतात. अन्न मुबलक असल्यास सर्व वाढतात. टंचाई असल्यास शेवटचे, लहानगे पिलू मरते व बाकीची वाचतात. सर्व पिले समसमान अशक्त होऊन मरण्यापेक्षा हे बरे. सारांश, घरट्यातील प्रत्येक मरण म्हणजे कोणाची तरी चूक असे नव्हे. परंतु या विचाराचा आधार घेऊन पक्षिपालकाने निश्चिंत राहणे योग्य होणार नाही, कारण पिंजऱ्यात दाण्यांची वाटी तर सदैव भरलेली असते. टंचाई नसताना टंचाईचे मरण का यावे? प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

त्याचे उत्तर ज्या परिस्थितीत मिळाले तिचा विचार आधी केला पाहिजे. १९६० साली ऑस्ट्रेलियाने आपल्या रानपक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. युरोपातील पक्षिपालकांस तोवर ऑस्ट्रेलियन फिंच जहाजातून मिळत असत. ती वाट बंद होताच हाताशी असलेल्या जोड्यांची पिले जगवणे हाच एक मार्ग उरला. भारतात हे वळण उशिरा आले. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांस क्रमाक्रमाने संरक्षण मिळाले. तथापि निर्यात व देशांतर्गत व्यापार यांवर पूर्ण बंदी आली ती १९९०-९१ च्या सुमारास. तोवर भारत हा रानपक्ष्यांचा मोठा निर्यातदार देश होता. चोरटा व्यापार त्यानंतरही चालू राहिला, मुनियांना रंग फासून ‘परदेशी’ म्हणून विकण्याचे प्रकारही झाले. पण कायदेशीर छंदाची दिशा बदलली. चाळीतील पिंजऱ्यात लाल मुनियेच्या जागी झेब्रा फिंच व बंगाली फिंच आले. यांतील दुसऱ्याच्या नावाने फसू नये. तो बंगालचा नसून जपानात अडीचशे वर्षांहून अधिक काळ माणसाळवलेला पक्षी आहे, आणि त्याचा रानटी पूर्वज म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळणारी पांढऱ्या पाठीची मुनियाच. पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हा पक्षी दुसऱ्या जातींच्या पिलांसही भरवतो, म्हणून युरोपात दाई म्हणून त्याचा उपयोग झाला. जपानी मनुष्यास रानातून नवा पक्षी सहज मिळत नव्हता. म्हणून त्याने पिलू वाढवण्याची विद्या जोपासली. मुनियांचे थवे दाराशी उतरणाऱ्या देशात ती विद्या उत्पन्न न होणे यात मग नवल ते काय?

आता त्या टंचाईकडे वळू. रानात गवतावर जगणाऱ्या या पक्ष्यांची वीण पावसाशी बांधलेली असते. आपल्याकडे पहिल्या सरींबरोबर पंखांची वाळवी उठते, पुढे अळ्या-किडे माजतात, मग गवताच्या लोंब्यांत दूध भरते. हा ओला, अर्धवट पिकलेला, दुधाळ दाणा पिलांच्या पोसण्यास अनुकूल असतो. ऑस्ट्रेलियातील रानटी झेब्रा फिंचांवर रिचर्ड झान याने केलेल्या दीर्घ अभ्यासात, ज्याचे सार त्याच्या १९९६ च्या ग्रंथात आहे, या जातीची पिलेदेखील मुख्यतः अशाच कोवळ्या बियांवर वाढतात असे दिसून आले. पिंजऱ्यात राळे, बाजरी, वरी हे कोरडे धान्य बारा महिने सारखेच मिळते. प्रौढ पक्ष्यास जगण्यास व अंडी घालण्यासही ते पुरते. म्हणून झेब्रा फिंच कोणत्याही महिन्यात घरटे करू लागतो. परंतु कोरड्या दाण्यात प्रथिनांतील काही आवश्यक घटक अल्प असतात, चुना फारच थोडा असतो, काही जीवनसत्त्वे तर नसतातच. विणीचा इशारा मिळाला. पिलाचे अन्न मात्र आले नाही. निसर्गात जे दोन दुवे एकाच पावसाने जोडलेले असतात ते पिंजऱ्यात सुटे होतात. भरल्या वाटीशेजारची उपासमार ती हीच. भिजवून मोड आणलेले धान्य, उकडलेले अंडे, हिरवा पाला, चुन्यासाठी समुद्रफेन या गोष्टी जाणते पक्षिपालक देतात त्या यासाठी. शाकाहारी घरांत अंडे देण्यास संकोच होतो आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत भिजवलेले धान्य काही तासांत आंबते व त्यावर बुरशी येते, अशा अडचणी येथील पालकांस विशेष जाणवणाऱ्या.

आहार हे मुख्य कारण मानले तरी ते एकमेव नव्हे, आणि येथेच वयाची कसोटी कामी येते. अंड्यातच किंवा निघताच मेलेल्या पिलाबाबत आईचा आहार, अंड्यातील बलकाचे शोषण, उबवणीतील खंड यांकडे पाहावे. पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेले पिलू बहुधा भरवले गेलेले नसते. नवी, अननुभवी जोडी किंवा पुनःपुन्हा घरट्यात डोकावणारा मालक येथे कारण असू शकतो. या वयात मानेवरील कातडी इतकी पातळ असते की गळ्यातील अन्नपिशवीत दाणे आहेत की नाहीत हे बाहेरून दिसते. शवचिकित्सेशिवाय उपलब्ध होणारा हा सर्वांत मोलाचा पुरावा होय. अंधाऱ्या घरट्यात पिलू मान वळवून तोंड वासते, तोंडातील ठिपक्यांची खूण आईबापांस भरवण्यास प्रवृत्त करते. जे अशक्त पिलू मान वर करू शकत नाही त्यास घास मिळत नाही, आणि घास न मिळाल्याने ते अधिकच अशक्त होते. आठव्या ते बाराव्या दिवसांच्या दरम्यान आई रात्री उबेस बसणे सोडते. तोवर पिसे न फुटलेली मागासलेली पिले गारठून मरतात. मुंबईत गारठा कोठला, असे कोणी म्हणेल. परंतु उघड्या गॅलरीत पावसाने भिजलेल्या मडक्यात, अंगावर पिसे नसलेल्या दोन-तीन ग्रॅमच्या जीवास जानेवारीची पहाटच काय, जुलैची रात्रही पुरेशी थंड असते. मडक्याच्या भेगांत दिवसा दडणारे व रात्री रक्त शोषणारे तांबूस माइट याच वयात घात करतात. घरटे सोडल्यानंतर मरणारी पिले बहुधा स्वतः दाणे फोडावयास शिकण्यापूर्वीच आईबापांनी पुढची वीण मांडल्यामुळे उपाशी राहिलेली असतात. पिंजऱ्यात काड्या-गवत सतत ठेवल्यास नर घरटे रचतच राहतो आणि अंड्यांवर, प्रसंगी पिलांवरही, नवा थर चढवतो. येथे तर मरणाचे कारण मालकाचा अतिरिक्त उत्साह होय. जंतू, आतड्यांतील परजीवी, बुरशी हे सर्व आहेतच. परंतु गर्दी, ओल व कुपोषण यांनी वाट करून दिल्यावर ते आत शिरतात, असा क्रम बहुधा दिसून येतो.

घरट्यातील मरणाची रीतसर चौकशी या शहरात अलीकडे झाली ती मुनियेची नव्हे. राणीबागेत, म्हणजे १८६२ साली उघडलेल्या व आता वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्यानात, २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांच्यातील एका जोडीस पिलू झाले. आठवड्याभरातच ते दगावले. शवचिकित्सेत बलकाची पिशवी न शोषली जाणे व यकृताचा बिघाड ही कारणे पुढे आली व ती वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. एका पिलाच्या मरणाची इतकी चर्चा मुंबईत पूर्वी झाली नसेल. लोकांचे कुतूहल, महापालिकेचा खर्च, राजकीय वादंग ही सर्व कारणे त्यामागे होती. पण सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : हे पिलू बदलून दुसरे आणणे सोपे नव्हते.

त्याच वर्षी पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारचे नियम आले आणि दुकानदारास प्राण्यांच्या खरेदी-विक्रीबरोबर मृत्यूचीही नोंद ठेवणे आवश्यक झाले. प्राणिसंग्रहालयांस अशी नोंद त्यापूर्वीच लागू होती. १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे दरवर्षी पाठवावयाच्या तक्त्यात वर्षारंभीची संख्या, जन्म, आवक, जावक, मृत्यू व वर्षअखेरची संख्या असे रकाने असतात. या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे तक्ते अवश्य पाहावेत. मात्र ते वाचण्याची एक रीत आहे. त्याच वर्षी जन्मून त्याच वर्षी मेलेले पिलू आरंभीच्या संख्येत नसते आणि अखेरच्याही संख्येत नसते. ते सापडावयाचे तर जन्म व मृत्यू हे दोन रकाने एकमेकांशेजारी ठेवून, जातवार, ओळीने ताडून पाहावे लागतात.